नेपल्सचं पंचांग

फळ्यावर इटली काढायची म्हणजे आधी बूट काढायचा, मग त्याच्या नडगीवर एक टिंब आणि टिंबाशेजारी छोटा त्रिकोण. टिंब म्हणजे नेपल्स, त्रिकोण म्हणजे व्हेसुव्हिअस. बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायची आणि हे चित्र दरवर्षी नववीच्या वर्गात काढायची. भूमध्य सागरी हवामान: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबाच्या जातीची फळं. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. स्वतः समुद्र पाहिलेला एकदाच, तोही मंगळूरला, कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात. पण मुलींनी मार्सेय, जेनोआ, नेपल्सचा क्रम चुकवला की मी त्यांना बाकावर उभं करायची.

म्हणून मोठ्या दिरांचा लंडनहून फोन आला आणि त्यांनी 'भूमध्य समुद्रात क्रूझ' असं म्हटलं, तेव्हा मी त्यांना ते दोनदा परत म्हणायला लावलं हे मी लपवत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागणार होतं. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणायचे आणि दिरांना अण्णा. बेंगळुरात चार पिढ्या काढल्यावर आमच्या मराठीत कानडी किती आणि कुठे मिसळलं ते आम्हालाही सांगता येत नाही. अण्णा तिकडे डॉक्टर. अम्माचा वाढदिवस बोटीवर करायचा, ते, जाऊबाई आणि अम्मा असे तिघं, असा बेत.

"आणि तूही ये," अण्णा म्हणाले. "अम्माचं करायला कुणीतरी लागेल ना."

आता हे वाक्य मी तेव्हाही ऐकलंच होतं. बहिरी नव्हते. पण माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. मी 'तूही ये' एवढं ऐकलं. ह्यांचं चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान, मे महिना म्हणजे लग्नसराई, त्यामुळे ह्यांचा येण्याचा प्रश्नच नव्हता. हे म्हणाले, "जा गं, तुझा तो डोंगर बघून ये." मी अम्मांसमोर, फोनवर अण्णांना, जाऊबाईंना, सगळ्यांना सांगून ठेवलं की बाकी बंदरांचं काय व्हायचं ते होवो, मला नेपल्सला उतरायचंय. शाळेत मुलींना सांगितलं, व्हेसुव्हिअसचा दगड आणीन. भूगोलाच्या खोलीतलं काचेचं कपाट मी सुट्टी लागण्याआधी पुसूनसुद्धा ठेवलं.

सामान बांधताना अम्मांनी कणकेची पिशवी पुढे सरकवली.

"अम्मा, बोटीवर कुठे पोळ्या लाटणार आहोत?"

"असू दे गं. स्वल्पच आहे."

फुलवातींचा डबा, तुपाची बरणी, निरांजन, हळदकुंकू, आणि ह्या वर्षीचं पंचांग. अम्मांचा वाढदिवस आमच्याकडे तिथीनं, वैशाख वद्य पंचमीला. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. पासपोर्टवरची तारीख अण्णांनी कधीतरी अंदाजानं ठोकून दिलेली. पंचमी कोणत्या दिवशी येते ते मी बघून ठेवलं होतं. बोट नेपल्सला लागणार त्याच दिवशी. मनात म्हटलं, सकाळी पाच मिनिटांत ओवाळू आणि चपला घालू. हाय रे दैवा.

बार्सिलोनाला विमानतळावरून थेट बोटीत. बोट कसली, आठ मजल्यांची इमारतच ती. आम्हा दोघींची खोली आतल्या बाजूला, खिडकी नाही. अण्णा-जाऊबाईंची वरच्या मजल्यावर, समुद्र दिसणारी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिकिटं त्यांनी काढली होती. खोलीचं दार आपोआप बंद व्हायचं आणि अम्मांना वाटायचं आपण तिजोरीत कोंडलो गेलो. "मला एकटीला सोडून जाऊ नकोस हं," हे त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून वदवून घेतलं.

मार्सेय आलं तेव्हा अम्मांना मळमळत होतं. मी थांबले. अण्णा आणि जाऊबाई जाऊन आले, साबण घेऊन आले. जेनोआ आलं तेव्हा मळमळ गेली होती, पण त्यांनी बोटीवरच्या स्वयंपाकघरातलं काही खायचं नाकारलं होतं, कारण तिथे काय काय शिजतं ते त्यांनी जिन्यातून वासावरून ओळखलं होतं. मग माझं काम काय, तर नाश्त्याच्या हॉलमधून दही आणि दूध आणायचं, बरोबर आणलेल्या पोह्यांत कालवायचं, वर चटणीपूड, आणि त्या जेवेपर्यंत समोर बसायचं. जेवल्या की डुलकी. डुलकीतही हात माझ्या पदरावर. मी ओठ दाबून जेनोआ सोडलं. कोलंबस तिथला, मुलींनो, लिहून घ्या.

जाऊबाई संध्याकाळी येऊन म्हणायच्या, "अगं काय उन्हं होती! तू वाचलीस बघ." जाऊबाई वाईट नाहीत. पण काही माणसांचं सांत्वन असं असतं की त्यापेक्षा एक थोबाडीत परवडली.

मी सहन करत होते ते नेपल्सच्या भरवशावर. दोन गेली तर गेली. माझं तिसरं आहे.

जेनोआनंतरचा एक दिवस नुसत्या समुद्रात होता. अण्णांनी वाढदिवस त्या दिवशी ठरवला होता, कारण त्या दिवशी कुठे उतरायचं नव्हतं आणि बोटीवरचे लोक केक फुकट देत होते. रात्रीच्या जेवणाला सात-आठ वेटर टाळ्या वाजवत आले, केकवर मेणबत्त्या, सगळा हॉल गातोय. अम्मांच्या चेहऱ्यावर मात्र सुतक.

"फुंकर मार, अम्मा," अण्णा म्हणाले.

"दिवा विझवायचा? वाढदिवसाला?" अम्मांनी दोन्ही हात मेणबत्त्यांभोवती धरले. "शत्रूसुद्धा असं सांगणार नाही रे."

मेणबत्त्या वितळून केकवर ओघळल्या, वेटर कंटाळून गेले. केकात अंडं, म्हणून तो अम्मांनी खाल्ला नाही, आणि त्या खाईनात म्हणून मीही नाही. मग त्यांनी तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "हा माझा वाढदिवसच नव्हे. माझी पंचमी उद्या. माझ्या आईची पंचाहत्तरी झाली तेव्हा कणकेचे पंचाहत्तर दिवे केले होते, त्यांनी ओवाळलं होतं. तसं करायचं. कणीक आणलीय मी."

म्हणे, स्वल्पच आहे!

"करू की अम्मा," मी म्हटलं. "सकाळी लवकर उठून करते, ओवाळते, आणि मग उतरू."

"दिवे संध्याकाळी लावायचे, दिवेलागणीला. आणि दिवे करणारीनं त्या दिवशी उंबरा ओलांडायचा नसतो. माझ्या आईचं तसंच होतं."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला बाई कणीक मळायला कुठे येतेय? तिकडे आम्ही तयार पोळ्या आणतो." आणि वर हसल्या.

रात्री मी पंचांग उघडलं. चिडून उघडलं, काही सापडेल म्हणून नव्हे. पंचमीची समाप्ती लिहिली होती सकाळी सात वाजून काही मिनिटांनी. आमच्याकडे नियम असा की सूर्य उगवताना जी तिथी असेल ती त्या दिवसाची. बेंगळुरात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे उद्याची पंचमी बरोबर. आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अगं बाई, बेंगळुरात सकाळचे सात म्हणजे इथे रात्रीचे साडेतीन! नेपल्सला सूर्य उगवेल तेव्हा पंचमी केव्हाच संपलेली असेल. इथली पंचमी आजच होती. मेणबत्त्यांच्या दिवशी. अण्णांनी चुकून अगदी योग्य दिवस निवडला होता!

आयुष्यभर शिकवलेला भूगोल एकदा तरी माझ्या कामी येत होता. मला इतका आनंद झाला की झोप लागेना.

सकाळी नाश्त्याला मी तिघांसमोर पंचांग ठेवलं आणि नववीच्या मुलींना समजावतात तसं समजावलं. एक रेखांश, चार मिनिटं. पृथ्वी फिरते, सूर्य एकाच वेळी सगळीकडे उगवत नाही. पंचमी काल झाली, अम्मा. काल तुमचा वाढदिवस झाला, दिवे पुढे मागे कधीही करू.

अण्णांनी चष्मा वर करून आकडे पाहिले. "बरोबर आहे गं तुझं," ते म्हणाले. मी जवळजवळ उठलेच. पुढे म्हणाले, "पण अम्माला हे कोण पटवणार?"

"मी आहे ना इथे, मलाच सांग," अम्मा म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नेपल्सचं पंचांग आहे तुझ्याकडे?"

"नाही, पण..."

"नाही ना? मग. आपल्या घरी आपलं पंचांग चालतं. मुलींना शिकवतेस ते शाळेत शिकव."

झालं. अण्णा हसले, जाऊबाईंनी लोण्याची वडी सोलली. डॉक्टर माणूस, खरं काय ते त्यांना कळलं होतं, आणि ते कळून त्यांनी चहा ओतून घेतला. अम्मांचा मला राग आला त्याहून अण्णांचा जास्त आला, आणि अजूनही येतो.

आता पुढचं ऐका. अण्णा म्हणाले, "अम्मा, आज तुझा दिवस, आज तरी खाली उतर. बस आहे, चालायचं नाही." आणि जी बाई दोन बंदरं माझा पदर धरून पडली होती ती म्हणाली, "सरी. येते. वाढदिवस आहे तर देवळाबिवळात जाऊन येऊ." नवी साडी मीच नेसवली. मीच वेणी घातली. तिघं लिफ्टमध्ये शिरले आणि मी मागे उभी. लिफ्टचं दार बंद होताना जाऊबाई म्हणाल्या, "दिवे छोटे छोटे कर हं, ताटात मावले पाहिजेत."

कणीक मळायला खोलीत भांडं नव्हतं. नाश्त्याच्या हॉलमधून मोठा वाडगा मागून आणला. खिडकी नसलेल्या खोलीत बसून मी चार-पाच दिवे केले आणि मला घुसमटायला झालं. म्हटलं, उंबरा ओलांडायचा नाही ना? नाही ओलांडत. पण गच्चीवर जायला तुमची आई आडवी येत नाही, अम्मा. वाडगा, ताट, पदराखाली फुलवातींचा डबा, अशी मी सगळ्यात वरच्या डेकवर गेले आणि एका लांब खुर्चीवर मांडी ठोकली.

आणि तो समोर होता.

रडू यावं असं काही सुंदर होतं असं नाही. निळसर राखाडी डोंगर, पायथ्यापर्यंत घरंच घरं, हवेत धूर आणि डिझेल. धूर डोंगराचा नव्हता, शहराचा होता. पण त्याला शिखरं दोन होती! एक टोकदार आणि शेजारी जुना फुटका कडा, मध्ये खोबण. मी आजवर फळ्यावर एकच त्रिकोण काढत आले होते. मी कणकेची गोळी हातात धरून बघत बसले. एवढं मात्र मला मिळालं, नाही म्हणणार नाही. मग मी दिवे वळायला घेतले, कारण पंचाहत्तर म्हणजे थोडे नव्हेत.

दुपारी आमच्या मजल्यावरचा खोल्या साफ करणारा माणूस वर आला. गोव्याचा होता, मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचा. त्यानं ताटाकडे पाहिलं, वातींकडे पाहिलं.

"बाय, हांगा उजो पेटोवपाक जायना," तो म्हणाला. मला कळेना, तेव्हा त्यानं हिंदीत सांगितलं. बोटीवर आग लावायला सक्त बंदी. काडी पेटवली तरी घंटा वाजते, माणसं धावत येतात. "एकसुद्धा नाही?" "एकसुद्धा नाही." मेणबत्त्या लावतात त्या फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, त्यांचीच माणसं, त्यांच्याच हातानं.

म्हणजे दिवे लागणारच नव्हते. पंचाहत्तर काय, एकही नाही.

मी ताट तिथेच खुर्चीवर ठेवलं. हाताला कणीक तशीच. जिन्यानं उतरले, लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. बोट संध्याकाळी सुटणार होती, अजून वेळ होता. डोंगरावर जाता आलं नसतं, न का येईना. मला फक्त खाली पाय ठेवायचा होता, चार पावलं चालायचं होतं, रस्त्यावरचा एखादा दगड उचलायचा होता. खाली उतरायच्या फळीपाशी दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं हात पुढे केला. पास.

पास अण्णांच्या खिशात होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांचे पास आपल्याकडे घेतले होते, बायका हरवतात म्हणून.

मी त्याला इंग्रजीत सांगितलं, हातवारे केले, खोलीचा नंबर सांगितला. तो 'सिन्योरा, सिन्योरा' करत मान हलवत राहिला. त्याची काय चूक? फळी संपते तिथे धक्का दिसत होता. सिमेंटचा, तेलकट, एक मांजर बसलेली. आमच्या घराच्या पायरीपासून रस्ता जेवढा लांब, तेवढाच. तिथे उभी राहून मी रडले. मोठ्यानं नाही, पण मागच्या लोकांना बाजूनं जावं लागलं एवढं.

तिघं परत आले तेव्हा मी खोलीत होते. अम्मा पलंगावर टेकल्या आणि पाय पसरले.

"काय काय पाहिलंत?" मी विचारलं.

"काय बघायचंय? मी बसमधनं उतरलेच नाही. गुडघे धरले होते. आपल्या नंदी हिल्ससारखाच आहे गं तुझा डोंगर, तिथे माकडं तरी असतात."

अण्णांनी खिशातून एक काळा दगड काढला. बसच्या थांब्यावर टपरी होती, तिथे विकत मिळाला. "घे, तुझ्या शाळेला." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी घेतला. कागदाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं.

संध्याकाळी मी डेकवरून ताट आणून अम्मांसमोर ठेवलं आणि सांगितलं की काडी पेटवायची नाही असा नियम आहे. अम्मांनी कोरड्या दिव्यांकडे पाहिलं. "न लावलेल्या दिव्यांनी कुणी ओवाळतं का? अपशकुन. राहू दे. घरी गेल्यावर बघू." बस्स, एवढंच. दिवे मी रात्री पिशवीत भरून त्या गोव्याच्या माणसाला दिले, फेकून दे म्हटलं. दुसऱ्या दिवशी समुद्र, तिसऱ्या दिवशी बार्सिलोना, तिथून विमान.

बेंगळुरात आल्यावर ह्यांनी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पंचाहत्तर दिव्यांचं काय, त्या महिन्यात कधीही चालतं, चांगला वार बघा म्हणजे झालं. चांगला वार! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुकानाची किल्ली घेऊन निघून गेले.

शुक्रवार ठरला. पुन्हा कणीक, पुन्हा पंचाहत्तर. आळीतल्या आणि नात्यातल्या बायका जमल्या. अम्मा चौरंगावर, हिरवी इरकल नेसून. अण्णांनी कुरिअरनं पाठवलेला फोटोंचा अल्बम हातोहात फिरत होता. मार्सेयला जाऊबाई. जेनोआला अण्णा. नेपल्सला बसच्या खिडकीत अम्मा, हसताहेत. मी स्वयंपाकघरातून ताट घेऊन आले, सगळ्या वाती पेटलेल्या, तोंडावर झळ येत होती.

शेजारच्या मामींनी अल्बम मिटला. "अगं, तू एकाही फोटोत नाहीस? तू गेली होतीस ना?"

मी तोंड उघडायच्या आत अम्मा म्हणाल्या, "तिला बोटीवरच आवडायचं. खाली उतरायचा कंटाळा. भूगोल सगळा पुस्तकात वाचलेला ना, मग कशाला हवंय बघायला!"

बायका हसल्या. सगळ्या हसल्या. प्रेमानंच हसल्या, त्यांना काय माहीत.

"मला उतरायचं होतं, अम्मा," मी म्हटलं. "मला नेपल्सला उतरायचं होतं. मी घरून निघताना सांगितलं होतं, नाश्त्याला सांगितलं होतं, पंचांग उघडून सांगितलं होतं."

अम्मांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. तेच वाईट. ढोंग असतं तर मी भांडले असते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं होतं तर मग बोलायचं नाही का गं?"

मी ताट मामींच्या हातात दिलं. "तुम्ही ओवाळा." दारात चपला होत्या, त्या घातल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर पडले. मागून कुणीतरी हाक मारली, मी थांबले नाही. चालत सुटले. डोळ्यांत पाणी, पायांत बळ, आज परत यायचंच नाही असा आवेश.

आणि गेले कुठे, तर गांधी बझारपर्यंत. तिथे फुलवाल्या बसल्या होत्या, एकीनं "अक्का, मल्लिगे?" म्हणून मोगरा पुढे केला. पर्स घरी होती. थोडा वेळ तिथे उभी राहिले, मग त्याच रस्त्यानं परत आले. दिवे विझले होते आणि बायका जेवायच्या खोळंबल्या होत्या. मी पानं मांडायला घेतली.